बोरसे सरांचा समुद्र

बोरसे सरांनी मला पहिल्यांदा जे विचारलं ते चहाबद्दल होतं. धुळ्याच्या कॉलेजात मी संख्याशास्त्राची डेमॉन्स्ट्रेटर म्हणून रुजू झाले, त्या दिवशी स्टाफरूममधल्या ट्रेमध्ये दोनच कप उरले होते. एक भरलेला, पण पार निवलेला. दुसरा अर्धाच, पण त्यातून वाफ येत होती. खिडकीजवळ बसलेल्या एका उंच, काटकुळ्या गृहस्थांनी विचारलं, "यातला कुठला घ्याल?"

मी अर्धा कप उचलला. त्यांनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि खिशातल्या छोट्या वहीत काहीतरी टिपलं.

"काय लिहिलंत सर?"

"तुम्ही चार सेकंद थांबलात."

"मग?"

"मग काही नाही. कप कुठला उचलला ते मी लिहिलेलं नाही."

मी हसले. त्यांना हसू आलं नाही. नवीन माणसाची थट्टा करायची जुन्या मास्तरांची सवय असते, तसंच काहीतरी असेल असं मी धरून चालले. तशी ती थट्टा नव्हती, हे कळायला मला तीन वर्षं लागली.

ऐंशीच्या दशकातली ती शेवटची वर्षं. मी मूळची यावलकडची, केळीच्या बागांमधली. धुळ्यात खोली घेऊन राहायची आणि शनिवारी दुपारच्या बसने घरी जायची. बोरसे सर भडगावकडचे. पण मधली वीसेक वर्षं ते मुंबईत होते, नौदलाच्या नियोजनाचं गणित मांडणाऱ्या एका कचेरीत. गणवेशातले नव्हते, साधे गणिताचे माणूस. बोटीवर ते आयुष्यात एकदाच चढले आणि धक्का सुटायच्या आत त्यांना उलट्या सुरू झाल्या, असं ते स्वतःच सांगायचे. नोकरीची वर्षं शिल्लक असताना ते सगळं सोडून धुळ्याला शिकवायला आले. का आले, हे कुणाला माहीत नव्हतं, आणि त्यांना विचारावं असा त्यांचा चेहरा नव्हता.

त्यांच्या शर्टाच्या डाव्या खिशात वही असायची आणि उजव्या खिशात चिंचोके. रोज सकाळी घरातून निघताना ते चिंचोक्यांची मूठ भरून मोजायचे. सम आले तर पाच नंबरच्या गल्लीने यायचे, विषम आले तर आग्रा रोडने. कॅन्टीनमध्येही तसंच. सम तर पोहे, विषम तर भजी. मी एकदा न राहवून विचारलं.

"आपला रस्ता शत्रूला आधी कळू नये," ते म्हणाले. "आपण ठरवलं की त्यालाही ठरवता येतं. चिंचोक्यांनी ठरवलं की त्याला काही करता येत नाही."

"धुळ्यात कोण शत्रू आहे सर तुमचा?"

त्यांनी या प्रश्नाचा खराखुरा विचार केला. मग म्हणाले, "अजून कळलेलं नाही."

कॉलेजला तेव्हा नुकताच पहिला कॉम्प्युटर मिळाला होता. त्याच्यासाठी एक वेगळी खोली, खोलीला पडदे, गावात बँकेत आणि दवाखान्यात होता तसला एअर कंडिशनर. चपला बाहेर काढून आत जायचं. बाहेर मे महिन्याचं धुळं भाजून निघत असायचं आणि आत अंगावर काटा येईल असा गारवा. त्या गारव्यात, काळ्या पडद्यावरच्या हिरव्या ठिपक्यांनी, बोरसे सरांनी एक समुद्र तयार केला होता.

समुद्रात बेटं होती. एका बेटाचं नाव एरंडोल, दुसऱ्याचं भडगाव. दोहोंच्या मधल्या चिंचोळ्या पाण्याला ते आमच्याकडच्या नदीवरून गिरणा म्हणायचे. निळ्या बाजूच्या बोटी विद्यार्थ्यांनी चालवायच्या, लाल बाजूच्या कॉम्प्युटरने. पडदा एकरंगी होता. निळं आणि लाल हे आपलं मानायचं. मुंबईच्या कचेरीतलं काही त्यांनी आणलेलं नव्हतं, ते तसं आणताही आलं नसतं. हे सगळं त्यांनी डोक्यातून पुन्हा लिहिलं होतं.

"बोटी किती, तोफा किती, तेल किती, एवढं मोजणारं यंत्र कुणीही करून देईल," ते मुलांना सांगायचे. "बोटीवरचा माणूस काय ठरवेल? ते मांडून दाखवा. अर्धीमुर्धी बातमी हातात आहे, वेळ नाही, खालची माणसं तोंडाकडे बघताहेत. अशा वेळी हा अमुक माणूस काय ठरवेल?"

भडगावच्या एका मुलीने विचारलं, "सर, या समुद्रात माझं घर कुठे आहे?" सरांनी पडद्यावरच्या एका ठिपक्यावर बोट ठेवलं. ती मुलगी तास संपेपर्यंत त्या ठिपक्याकडे बघत राहिली. आठवडाभराने तिने विषय बदलून घेतला.

हिरामणचं आधी सांगायला हवं. हिरामण आमच्या विभागाचा शिपाई, साक्रीकडचा. बोलायला मोकळा, कामाला चोख. एका दुपारी सरांनी त्याला कॉम्प्युटरसमोर बसवलं. अक्षरांशी त्याचं जमत नव्हतं, पण बाणांची चार बटणं दाबायची होती, ते त्याला पाच मिनिटांत आलं. मी शेजारी प्रॅक्टिकलच्या वह्या तपासत होते. हिरामण रंगात येऊन खेळत होता. निळ्या बोटी त्याने बेटाआड लपवल्या. लाल बोटी पुढे आल्या, थांबल्या, एक मागे गेली. मग उगाच एक वळसा घालून ती दुसऱ्या बाजूने आली.

हिरामणचा हात बटणावरच राहिला.

"सर," तो त्याच्या अहिराणीत म्हणाला, "हाऊ तं मीच शे."

"तूच आहेस? कोण?" मी विचारलं.

"हाई लाल बोट. मी आसंच करस. समोर कोणी उभं ऱ्हायनं का मी मांगे जास, आन मंग फिरीसन येस. घरमा बी, बजारमा बी." त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याच्या कपाळावर त्या गारव्यात घाम होता. "मॅडम, याले कसं माहीत?"

सर वहीत लिहीत होते. हिरामण उठला, उलट्या पावलांनी दारापर्यंत गेला आणि बाहेर पडला. त्यानंतर त्याने त्या खोलीत झाडू मारला नाही. उंबऱ्याच्या बाहेरून हात लांब करून जेवढा पोहोचेल तेवढाच.

त्या दिवशी मला कळलं की ती वही कशासाठी होती. सर दोन वर्षं हिरामणला बारीकसारीक विचारत होते. सायकल आधी पुसशील की घंटा आधी देशील? प्राचार्य आणि पाहुणे एकदम आले तर पाणी कुणाला आधी? आणि प्रत्येक वेळी घड्याळाकडे बघत होते.

"माणूस हो म्हणतो की नाही, ते नंतर," ते मला म्हणाले. "आधी तो थांबतो. खरं त्या थांबण्यात असतं. बोलणं सगळं सजवलेलं असतं."

मी विचारलं, "आणि आमच्यापैकी किती जण त्या पेटीत आहेत?"

कॉम्प्युटरशेजारी जाड कार्डांची एक लाकडी पेटी असायची. सरांनी तिच्यावर हात ठेवला आणि झाकण दाबून बसवलं.

दर महिन्याला सरांच्या नावाने कॉलेजवर एक पोस्टकार्ड यायचं. पाठवणाऱ्याचं नाव नसायचं. मजकूर एवढाच असायचा: "अजून तेच येतं का?" ते कार्ड आलं की सर तास सोडून कॉम्प्युटरच्या खोलीत जायचे, एक वेगळी फ्लॉपी घालायचे, आणि दोनेक तास यंत्र चालू ठेवून समोर बसून राहायचे. मग कोऱ्या कार्डावर "हो, तेच" एवढं लिहून हिरामणजवळ द्यायचे. हिरामण ते कार्ड दोन बोटांत धरून पोस्टात टाकायला न्यायचा.

एका दुपारी सरांनी यंत्र सुरू केलं आणि वीज गेली. एअर कंडिशनर बंद पडला, पडदा काळा झाला, आणि त्या उकाड्यात सर कधी नव्हे ते बोलायला लागले.

मुंबईला एक कमांडर होते. कोकणातले, मोठ्याने हसणारे. सरांच्या धाकट्या मुलीसाठी न चुकता संत्री आणायचे. नियोजनाच्या कामासाठी ज्या अधिकाऱ्यांनी सरांसमोर बसून शेकडो प्रश्नांची उत्तरं दिली, त्यात ते होते. प्रश्न असा असायचा: ही बोट, हा वारा, ही बातमी, काय कराल? एक प्रश्न पाण्यातल्या माणसांचा होता. आपल्या ताफ्यातली एक बोट बुडाली आहे. माणसं पाण्यात आहेत. शत्रूची पाणबुडी जवळपास असेल, नसेलही. थांबून माणसं उचलाल, की बाकीच्या बोटी घेऊन पुढे जाल?

"सगळे म्हणतात, थांबू," सर म्हणाले. "कमांडरसाहेबही म्हणाले, थांबू. पण मी फक्त तेवढ्यावर मांडत नव्हतो. बाकीची तीनशे उत्तरं आणि त्यांचं थांबणं, सगळं घालून यंत्रात हा प्रसंग हजार वेळा चालवला. शंभरात नव्वदाहून जास्त वेळा ते निघून गेले."

"आणि तुम्ही ते त्यांना सांगितलं?"

"त्यांनी विचारलं."

तो कागद वाचून कमांडर हसले होते. चहाला सगळ्यांना सांगत फिरले, हे बघा, मी पळपुटा निघालो. संध्याकाळी मात्र ते सरांच्या टेबलाशी परत आले. "बोरसे, हे खरं का?" सर म्हणाले, "गणित आहे साहेब." "गणितात चूक असू शकते?" "माझ्या नाही."

सर ते वाक्य बोलले आणि उकाड्यातही त्यांनी शर्टाचं वरचं बटण लावलं.

"त्यानंतर माझ्यासमोर बसायला कुणी तयार होईना. मी जेवणाच्या टेबलाशी गेलो की लोक ताटं उचलायचे. वाईट कुणी बोललं नाही. फक्त कुणी माझ्यादेखत काही ठरवेना. पुढे साहेब लवकर निवृत्त झाले, मीही निघालो. तेव्हापासून ही कार्डं येतात. इथे यंत्र नव्हतं तेव्हा कागदावर, आता यंत्रावर, मी दर वेळी पुन्हा चालवतो. उत्तर तेच येतं. खोटं कसं लिहू?"

वीज आली. पडद्यावर हिरवे ठिपके एकेक करून उगवले. मी चपला न घालताच बाहेर आले आणि व्हरांड्यातल्या तापलेल्या फरशीवर पाय भाजल्यावर माझ्या लक्षात आलं.

पुढे हिवाळ्यातल्या एका शनिवारी मी नेहमीच्या बसने घरी निघाले होते. सरही त्या बसला होते; ते एरंडोलला उतरून भडगावची गाडी धरायचे. मधल्या वाटेच्या पलीकडच्या बाकावर, मांडीवर पिशवी घेऊन बसले होते. पारोळा सोडून थोडं पुढे गेलो असू. समोर रस्ता पांढरा दिसायला लागला. कापसाचा ट्रक नाल्यात कलंडला होता, गाठी फुटल्या होत्या, आणि डांबरावर कापूस नुसता फेसासारखा पसरला होता. त्यात दोन माणसं पडलेली. एकाचा हात वर आला. वर आला आणि तसाच राहिला.

ड्रायव्हरने वेग कमी केला. गाडी जवळजवळ थांबली. चाळीस-पन्नास माणसं, भरदुपार, आणि एवढी शांतता की खिडकीच्या काचा खडखडताना ऐकू येत होत्या. पोलिसांचं लफडं, साक्षी, उशीर, हे सगळं प्रत्येकाच्या डोक्यात येऊन गेलं असणार. माझ्याही आलं. मी सरांकडे पाहिलं. ते आरशातला ड्रायव्हरचा चेहरा आणि मनगटावरचं घड्याळ आळीपाळीने बघत होते.

"नाही थांबणार," ते हळूच म्हणाले.

गाडीने कापसाला वळसा घातला आणि वेग घेतला. तो वर आलेला हात माझ्या खिडकीखालून मागे गेला.

पुढचं मला सलग आठवत नाही. मी उठलेली होते आणि माझ्या हातात घंटीची दोरी होती. कंडक्टर ओरडला, "ओ बाई, खाली बसा!" मी पुन्हा दोरी ओढली. गाडी अशी थांबली की उभी माणसं एकमेकांवर आपटली. आणि सगळ्यांत आधी जो उडी मारून खाली पळाला, तो ड्रायव्हर होता. मी त्याच्यामागे धावले, मग कंडक्टर, मग अर्धी बस. कापूस रक्ताने जड झाला होता. एकाला उचलताना ड्रायव्हर धापा टाकत मला म्हणाला, "ताई, कोणी घंटी मारस का, तेच मी आरसामा देखी ऱ्हायंतू."

दोघांना मागच्या बाकावर निजवून एरंडोलच्या सरकारी दवाखान्यात नेलं. दोघंही वाचले, असं पुढे कळलं.

बोरसे सर जागचे उठले नव्हते. आम्ही माणसं आत आणताना त्यांनी पाय आत घेऊन वाट दिली, तेवढंच. पिशवी मांडीवर होती. एरंडोलला ते माझ्याकडे न बघता उतरले आणि स्टँडच्या गर्दीत दिसेनासे झाले.

सोमवारी त्यांनी मला कॉम्प्युटरच्या खोलीत बोलावलं. पेटी उघडी होती. त्यांनी एक कार्ड माझ्यासमोर ठेवलं. वर माझं नाव, खाली तीन वर्षांच्या बारीक नोंदी: कप, खुर्च्या, दारं, रजेचे अर्ज, सेकंद. सगळ्यात खाली, पाण्यातली माणसं. त्यापुढे लिहिलं होतं: "बसून राहील."

"हे चुकलं," सर म्हणाले.

मला राग यायला हवा होता. तीन वर्षं एक माणूस माझा श्वास मोजत होता. पण ते कार्ड वाचताना मला राग आला नाही, भीती वाटली. कारण ते चुकलंय असं मला वाटेना. ते सगळं मीच होते. बसमधल्या त्या क्षणापर्यंत मी बसूनच राहणार होते. मग उठलं कोण?

सरांनी दुसरं कार्ड ठेवलं. ते त्यांचं स्वतःचं होतं. पाण्यातली माणसं: "उठतो."

"हेही चुकलं," ते म्हणाले. बराच वेळ ते तो शब्द अंगठ्याने घासत होते, शाई निघते का बघत असल्यासारखे.

त्यांनी त्या दिवशी कमांडरना पत्र लिहिलं. एका ओळीचं कार्ड नाही, चार पानी पत्र. बस, कापूस, दोरी, मांडीवरची पिशवी, सगळं. आणि शेवटी, मी तुम्हाला जे सांगितलं ते सांगायचा मला अधिकार नव्हता, असं.

उत्तर पंधरा दिवसांनी आलं, बंद पाकिटातून. सरांनी ते वाचलं आणि मला वाचायला दिलं. पत्र कमांडरांच्या पत्नीचं होतं. मला ते अजून जवळजवळ तोंडपाठ आहे.

"भाऊसाहेब, तुमचं पत्र मिळालं. ह्यांना जाऊन चार वर्षं झाली. शेवटच्या आजारात ते मला म्हणाले होते की बोरशांना विचारत राहा, उत्तर बदलेपर्यंत सोडू नकोस. म्हणून मी विचारत राहिले. अक्षर बदललेलं तुमच्या लक्षात येईल असं वाटलं होतं. तुम्ही दर महिन्याला हो, तेच, लिहीत होतात. ते कार्ड मी त्यांच्या फोटोपुढे ठेवत होते. मला समुद्रातलं काही कळत नाही. पण ह्यांच्यासोबत मी अठ्ठावीस वर्षं संसार केला. ते थांबले असते."

सरांनी कपाटातून सगळी जुनी पोस्टकार्डं काढली आणि टेबलावर ओळीने मांडली. एका कार्डापाशी अक्षर बदललं होतं. आधीचं उभं, घाईचं. नंतरचं गोल, शाळेत गिरवल्यासारखं. आंधळ्यालाही हाताला लागावं एवढा फरक. माणसाचा अर्धा सेकंद टिपणाऱ्या सरांनी ती सगळी कार्डं हातात घेतली होती. ते एकेका गोल अक्षराच्या कार्डावर बोट ठेवून मोजत गेले. शेवटच्या कार्डावर पोहोचल्यावर त्यांनी मला विचारलं, "मी कुणाला उत्तर देत होतो?"

त्या आठवड्यात ते तासाला गेले नाहीत. सकाळी येऊन चपला काढायचे आणि संध्याकाळी हिरामणने बाहेरून हाक मारली की निघायचे. चिंचोके बंद झाले होते. रोज आग्रा रोडनेच येत होते. मी डबा नेऊन द्यायची. पडद्यावर तोच समुद्र, बुडालेल्या बोटीच्या जागी चमकणारे ठिपके, आणि कमांडरची बोट. ठिपक्यांपाशी येऊन हळू व्हायची आणि निघून जायची. पुन्हा यायची, पुन्हा निघून जायची. ती बोट चालवणारा माणूस जिवंत नव्हता, हे आता माहीत असल्यामुळे मला तिकडे बघवत नसे.

मग एका सकाळी त्यांनी मला घाईघाईने बोलावून घेतलं. दाढी वाढलेली, डोळे लाल.

"मी त्यांना एकटं ठेवलं होतं," ते म्हणाले. "सगळ्यांनाच. प्रश्नच तसा होता. बोटीवर एकटा माणूस, आणि तो काय ठरवेल. असा एकटा कुणी असतो का? तो ड्रायव्हर काय म्हणाला तुम्हाला?"

"कुणी घंटी मारतं का, तेच बघत होतो."

"मी आता त्यांच्या शेजारी एक माणूस उभा केलाय. साधा खलाशी. तो एकच गोष्ट करतो. थांबा म्हणतो. बाकी काही बदललेलं नाही. त्यांची उत्तरं तीच, सेकंद तेच."

त्यांनी बटण दाबलं. कमांडरची बोट ठिपक्यांपाशी आली. हळू झाली. थांबली. चमकणारे ठिपके एकेक करून तिच्यात शिरले. सरांनी पुन्हा चालवलं. पुन्हा थांबली. प्रिंटर करकरत कागद बाहेर टाकत होता, आणि प्रत्येक ओळीत एकच शब्द होता: थांबले, थांबले, थांबले. तो कागद जमिनीवर घड्या घालत माझ्या पायांपर्यंत आला. आत आम्ही दोघंच होतो, तरी मला खोलीत आणखी कुणीतरी हुश्श केल्यासारखं वाटलं. एअर कंडिशनर असेल.

त्या बाईंना त्यांनी एकाच शब्दाचं कार्ड पाठवलं: "थांबतात." त्यानंतर पोस्टकार्ड कधीच आलं नाही.

मला वाटलं, आता सुटले. मी तसं म्हटलंही. सर म्हणाले, "मी स्वतःलाही पुन्हा चालवलं. शेजारी माणूस ठेवून."

"मग?"

"बसूनच राहतो." ते अगदी साध्या आवाजात बोलले. "तुम्ही दोरी ओढली तेव्हा मी तिथेच होतो ना. हे चूक कसं म्हणू?"

सत्र संपल्यावर त्यांनी नोकरी सोडली. जाण्याआधी कॉलेजभर हिंडून ज्याचं कार्ड त्याला परत दिलं. "हे तुमचं," एवढंच म्हणायचे. काहींनी वाचलं, काहींनी खिशात घातलं. प्राचार्य दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. हिरामण ते कार्ड फुलांच्या पुडीत बांधून पांझरा नदीवर घेऊन गेला, निर्माल्य सोडतात तसं पाण्यात सोडलं आणि आंघोळ करून परत आला. माझं मी फाडून टाकलं.

पुढे माझी बदली जळगावला झाली. सरांची खबर अधूनमधून यायची, पण भेट नव्हती. दोनेक वर्षांनी प्रॅक्टिकलची परीक्षा घ्यायला मी भडगावला गेले. काम दुपारी आटोपलं. त्यांचं गाव तिथून जवळ, नदीकाठी. विचारत विचारत गेले.

दारात त्यांच्या पत्नी धान्य निवडत होत्या. त्यांना गावात सगळे अक्का म्हणत. मी ओळख सांगितली तर एकदम उठल्या. "ये बाई, ये. तुन्हं नाव त्या घेतस. नदीवर शेतस त्या. चाल, दाखाडस." त्यांच्या बोलीत 'त्या' म्हणजे सर.

एप्रिल संपत आला होता. गिरणा कोरडी ठाक, काठापासून काठापर्यंत नुसती पांढरी वाळू, ऊन तिच्यावरून उसळत होतं. त्या वाळूच्या मधोमध सर उभे होते. पाठमोरे, डोक्याला पंचा, चपला हातात. एवढ्या मोठ्या पात्रात एकटा उभा माणूस.

"काय करतात तिथे?"

"आज धरणमाईन पाणी सोडेल शे. ते लेवाले जायेल शेतस."

धरणातून सोडलेलं पाणी घ्यायला गेलेत म्हणजे काय, ते मी आधी समजले नाही. मग वरच्या बाजूला, वाळवंटाच्या दूरच्या वळणावर, काहीतरी चमकलं. पाणी येत होतं. आवाज नव्हता. काचेसारखी एक पातळ जीभ वाळू चाटत सरकत होती, थांबत होती, खड्डा भरला की पुढे निघत होती. तिच्या पुढे वाळलेली पानं आणि मुंग्या पळत होत्या. सर तिच्या वाटेतच उभे होते.

अक्कांनी हाक मारली. "अहो! वर या! धुयानी बाई आयेल शे!" धुळ्याची बाई म्हणजे मी.

सर हलले नाहीत. पाणी त्यांच्या पायांशी आलं, दोन्ही बाजूंनी वळलं आणि पुढे निघून गेलं.

"ऐकू येत नाही का त्यांना?"

"येस ना. ऐकू चांगलं येस." अक्का माझ्याकडे बघत नव्हत्या, नदीकडे बघत होत्या. "मी रोज हाका मारस. कधी येतस, कधी नही. आज काय करतीन, सांगता येत नही बाई."

त्यांनी पुन्हा हाक मारली. मीही मारली, "सर!" म्हणून. पाणी आता घोट्याच्या वर चढलं होतं, पात्राची एक कड भरत आली होती. सर वळले. एवढ्या लांबून चेहरा दिसत नव्हता. त्यांनी चपला धरलेला हात वर केला. येतो म्हणाले की जा म्हणाले, मला कळलं नाही.

माझी शेवटची गाडी पाचची होती. अक्का म्हणाल्या, "तू जाय, मी शे आठे." त्या तिथे होत्या, म्हणून मी निघाले. बांधावर चढल्यावर मी मागे वळून पाहिलं. अक्का लुगड्याचा काचा खोचून पाण्यात उतरत होत्या, आणि सर, गुडघ्याएवढ्या पाण्यात, त्यांच्याकडे बघत उभे होते.